इंदूर बोलतेय

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर आईचं बीपीचं मशीन.
मी लाल पेनानं थांबे मांडतोय,
दर दीड तासाला एक. त्याहून जास्त तिला धरवत नाही.
हे ती सांगत नाही. मी मोजलंय,
देवासच्या लग्नाला गेलो तेव्हा.

ती एकोणऐंशी. मी चोपन्न,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय.
हे मी सांगत नाही. तिनं ओळखलंय,
परवा भरदिवसा मिठाऐवजी वरणात साखर घातली तेव्हा.

मोबाईलमधली बाई म्हणते भोपाळहून जा, जबलपूरहून जा,
सोळा मिनिटं वाचतील.
आई म्हणते, तिला काय कळतंय.
इंदूर, नागपूर. नागपूर, रायपूर. रायपूर, संबलपूर.
कॉल असाच जायचा.
आपणही तसंच जायचं.

एकतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला होती ती.
कानावर हेडफोन, पुढ्यात दोऱ्यांचा गुंता,
रात्रपाळीला पायांवर बाबांचा जुना स्वेटर.
कुणाचं मयत, कुणाचा निकाल, कापसाचे भाव,
जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा.
तीन मिनिटं झाली, वाढवायची का?
तिच्या बोटांखालून तिनसुकिया गेलं, तुतिकोरिन गेलं,
आणि ती स्वतः महूच्या पुढे
दोनदा. एकदा खंडव्याला, एकदा ऑपरेशनला.

संबलपूरला एक बाई होती. नाव विचारायची मनाई.
ती आईला म्हणायची इंदूर, आई तिला संबलपूर.
इंदूर, जेवलीस?
संबलपूर, तुझा खोकला अजून गेला नाही.
एवढंच, रात्री दोननंतर, लाईन मोकळी असली तर.
बाबा गेल्यावर आई चौदाव्या दिवशी कामावर परतली.
पलीकडून तिनं काही विचारलं नाही.
लाईन नुसती धरून ठेवली.
“किती वेळ?”
“बराच. तीन मिनिटांहून जास्त.
कुणाच्या बिलात टाकलं, कुणास ठाऊक.”

मी विचारतो, पत्ता? नाव?
असेल तरी का गं आता?
आई चष्मा पुसत बसते.
“खोकल्यावरून ओळखेन.”

अनघा म्हणते, सरळ विमानानं न्या त्यांना.
आई म्हणते, लायटनिंग कॉलला आठपट पैसे पडायचे.
आपला साधा आहे. लागेल तेव्हा लागेल.
गॅरेजमध्ये इरफानभाई टायरवर बोट आपटतो:
भिया, माताजी को ले जा रहे हो, चारों बदलवा लो.
मी दोनच बदलले. मग रात्री झोप लागेना,
सकाळी जाऊन उरलेले दोन.

यादीत तिच्या अक्षरात: दोन उश्या. गोळ्यांचा डबा.
नेमावरच्या पुलासाठी सुटी नाणी
(“काच कुठल्या बटणानं उघडते, ते आधीच दाखव”).
लौंगी सेव दोन किलो, संबलपूरसाठी.
खोकल्याला एवढं तिखट?
खोडून, शेजारी: साधी, एक किलो.

काल चाचणी म्हणून बायपासपर्यंत जायचं ठरलं.
पट्टा लावताना तिची बोटं थरथरली, मी वाकलो.
तिनं माझा हात बाजूला केला,
जीभ दातांत धरून खाच शोधली.
खट्.
आणि समोर रस्त्याकडे बघत, सवयीनं,
“बोला.”

मी काय बोलणार.
मागचा टेम्पो हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
म्हणालो, नागपूर द्या.
“होल्ड करा,” ती म्हणाली
आणि मांडीवरच असलेली पर्स
शोधायला लागली.